एआय शिकवणारे खुले प्रकल्प: आपल्या तरुणांनी त्यात सहभागी कसे व्हायचे

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजेच एआय हा विषय आता विहारातल्या बैठकांपर्यंत पोहोचला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज काहीतरी फिरते: नोकऱ्या जाणार, अमुक कोर्स करा, तमुक रुपये भरा. आम्ही वारज्यात तरुणांसोबत काम करतो. रामनगर, माळवाडी भागातली मुले-मुली संध्याकाळी अभ्यासिकेत येतात. कुणी बी.सी.ए.ला आहे, कुणी डिप्लोमाला, कुणी बी.ए. करून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेले. त्यांच्यापैकी दोघांनी एका खासगी क्लासमध्ये एआय शिकायला चाळीस-चाळीस हजार रुपये भरले. एकाच्या आईने त्यासाठी बचत गटातून कर्ज काढले. क्लासमध्ये दिलेल्या नोट्सचा मोठा भाग इंटरनेटवर फुकट आणि खुला असलेल्या धड्यांवरून जसाच्या तसा उचललेला होता, हे त्यांना सहा महिन्यांनी कळले.

म्हणून ही माहिती. ते धडे कुठे आहेत, ते कोण लिहिते, आणि आपल्यासारख्यांना त्यात नुसते वाचक न राहता लिहिणाऱ्यांच्या रांगेत कसे जाता येते, हे आम्ही गेल्या काही महिन्यांत चुकत-माकत शिकलो. त्यातले उपयोगाचे तेवढे इथे देत आहोत.

खुला प्रकल्प म्हणजे काय

सॉफ्टवेअरचा मूळ कोड सर्वांना वाचायला, वापरायला, बदलायला आणि बदललेला पुढे वाटायला मोकळा ठेवला की त्याला ओपन सोर्स म्हणतात. हीच रीत आता पाठ्यपुस्तकांनाही लागू झाली आहे. धडे, उदाहरणे, सरावाचा कोड असे सगळे एका जागी ठेवलेले असते आणि जगातला कुणीही त्यात चूक दाखवू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो. अशा बहुतेक प्रकल्पांची जागा म्हणजे गिटहब ही वेबसाइट. ती २००८ साली सुरू झाली आणि २०१८ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. तिच्या पोटात चालणारी गिट ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिली. कुणी, कधी, कोणत्या ओळीत काय बदलले याची नोंद ठेवणे हे गिटचे काम. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीसारखेच, फक्त ही वही कुणालाही, कधीही उघडून बघता येते.

एआयवरचे दोन मोठे खुले अभ्यासक्रम मायक्रोसॉफ्टने गिटहबवर ठेवले आहेत. 'एआय फॉर बिगिनर्स' हा १२ आठवड्यांचा, २४ धड्यांचा. 'जनरेटिव्ह एआय फॉर बिगिनर्स' हा २१ धड्यांचा. हगिंग फेस या कंपनीचे कोर्सही असेच खुले आहेत आणि त्यांची वेगवेगळ्या भाषांतली भाषांतरे स्वयंसेवकांनी केलेली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या या दोन्ही अभ्यासक्रमांना एमआयटी लायसन्स आहे. आमच्या मुलांना आधी वाटले की हे कोथरूडच्या एमआयटी कॉलेजचे काहीतरी आहे आणि तिथे जाऊन परवानगी काढावी लागेल. तसे नाही. हे नाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेवरून आलेले आहे, आणि त्या परवान्याची अट एवढीच की मूळ हक्काची नोंद आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा. बाकी वापरा, बदला, छापा, शिकवा, विका सुद्धा. तो क्लासवाला कायद्याने चुकला असेलच असे नाही. पण ज्यांनी पैसे भरले त्यांना त्याने ते सांगायला हवे होते.

एआय इंजिनिअरिंग म्हणजे नवे मॉडेल शून्यापासून तयार करणे नव्हे. त्याला लागणारा पैसा आणि यंत्रसामग्री मोजक्या कंपन्यांकडे आहे. तयार मॉडेल घेऊन त्यातून उपयोगाची वस्तू बनवणे म्हणजे एआय इंजिनिअरिंग. उदाहरण घेऊ. स्वाधार योजना आणि पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचे शासन निर्णय गोळा केले, आणि विद्यार्थ्याने मराठीत प्रश्न विचारला की त्याच कागदांतून शोधून उत्तर देणारी व्यवस्था बनवली. यासाठी कागदांचे छोटे तुकडे करावे लागतात, प्रश्नाच्या अर्थाला जवळचे तुकडे शोधावे लागतात, मॉडेलला नेमकी सूचना द्यावी लागते. आणि शेवटी उत्तर बरोबर आले का ते तपासावे लागते.

हे तपासण्याचे काम सर्वांत कमी लेखले जाते, आणि तिथेच आपल्या माणसांची गरज सर्वांत जास्त आहे. 'बौद्ध विद्यार्थ्याला अनुसूचित जातीची केंद्राची सवलत मिळते का?' हा प्रश्न घ्या. धर्मांतरामुळे सवलत गेली, असे उत्तर मॉडेलने आत्मविश्वासाने दिले तर बंगळूरमधल्या किंवा बर्लिनमधल्या अभियंत्याला त्यात खटकणार नाही. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, हे आपल्या घरातल्या बारावीच्या मुलाला माहीत असते, कारण त्याने दाखल्यासाठी रांग लावलेली असते. असे पन्नास प्रश्न, त्यांची बरोबर उत्तरे आणि उत्तर बरोबर का आहे त्याचे कारण, एवढे लिहून दिले तर ते एआय इंजिनिअरिंगच्या धड्यातले खरे योगदान आहे. त्याला कोडची एक ओळ लागत नाही.

मराठीचा प्रश्न

मायक्रोसॉफ्टच्या अभ्यासक्रमांची मराठी आवृत्ती आहे. मात्र ती यंत्राने केलेली आहे, आणि प्रत्येक पानाखाली तशी सूचनाही आहे की यात चुका असू शकतात, मूळ मजकूरच अधिकृत मानावा. प्रामाणिकपणे सांगितलेले आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण यंत्राचे मराठी वाचून शिकणाऱ्याचे काय होते ते आम्ही अभ्यासिकेत पाहिले. वेगवेगळ्या ठिकाणचे यांत्रिक भाषांतर वाचताना मुलांनी एक वही केली. त्यात 'लायब्ररी'चे ग्रंथालय झालेले सापडले, 'स्ट्रिंग'ची दोरी, 'एजंट'चा दलाल. यावर हसून पुढे जाता येते. 'बायस' या शब्दापाशी मात्र हसणे थांबले. न्यूरल नेटवर्कच्या गणितात बायस हा एक साधा आकडा असतो, बेरजेत मिळवायचा. त्याचे भाषांतर 'पक्षपात' असे झाले होते. आणि पुढे जिथे खरोखरच समाजातल्या पक्षपाताविषयी लिहिले होते तिथेही पक्षपातच. वाचणाऱ्या मुलीने विचारले, "दादा, म्हणजे मशीन शिकायलाच पक्षपात मिळवावा लागतो का?" प्रश्न चुकीच्या भाषांतरातून आला होता. उत्तर द्यायला आम्हाला अर्धा तास लागला.

दुसरी गोष्ट खर्चाची. मॉडेल मजकूर अक्षरांनी मोजत नाही, टोकन नावाच्या तुकड्यांनी मोजते, आणि बिल टोकनवर लागते. देवनागरीचे तुकडे फार बारीक पडत असल्याने तेच वाक्य इंग्रजीपेक्षा मराठीत कितीतरी महाग पडायचे. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणताना स्वतःच आकडे दिले: मराठीचे एक नमुना वाक्य आधीच्या पद्धतीत ९६ टोकन घेत होते, नव्या पद्धतीत ३३. म्हणजे तोपर्यंत मराठीत विचारणारा जवळपास तिप्पट मोजत होता. आम्ही वाचलेल्या धड्यांत टोकनचे उदाहरण इंग्रजीचेच होते, आणि त्यातून हे दिसत नाही. एखाद्या धड्यात मराठी वाक्य घालून 'तुमच्या भाषेत किती टोकन लागतात ते मोजा' एवढा सराव जोडला, तर मराठीच काय, तमिळ, बंगाली, नेपाळी विद्यार्थ्यालाही त्याचा उपयोग होतो. इंग्रजी पाठ्यक्रमातली ही भर जगभर जाते.

अशा उदाहरणाला मराठी मजकूर कुठून आणायचा? वर्तमानपत्रातला परिच्छेद उचलता येत नाही, त्यावर हक्क असतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ सालचे. भारतीय कायद्याप्रमाणे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क २०१६ अखेर संपला. १९२० च्या 'मूकनायक'मधले किंवा १९२७ पासूनच्या 'बहिष्कृत भारत'मधले त्यांनी स्वतः मराठीत लिहिलेले अग्रलेख म्हणूनच वापरता येतात. पण त्यांच्या इंग्रजी ग्रंथांच्या मराठी अनुवादांवर अनुवादकांचा वेगळा हक्क असतो. ही गल्लत करू नका, प्रकल्प सांभाळणारे लोक याबाबत फार काटेकोर असतात आणि ते योग्यच आहे.

जात आणि धडे

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने चॅटजीपीटीच्या जातीय पूर्वग्रहावर मोठा वृत्तांत छापला. त्याची सुरुवात समाजशास्त्राच्या एका दलित अभ्यासकापासून होते. त्याने अर्जाचे इंग्रजी नीट करायला दिले, तर यंत्राने त्याचे आडनावच बदलून वरच्या जातीचे लावले. मग त्यांनी 'इंडियन-भेद' नावाच्या वाक्यसंचावर जीपीटी-५ तपासले. रिकामी जागा भरायची होती: हुशार माणूस कोण, गटार साफ करणारा कोण. १०५ पैकी ८० वाक्यांत मॉडेलने ठरलेला साचा निवडला.

हे वाचून संताप येतो. आम्हाला त्यातली पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. 'इंडियन-भेद' हा संच कुणीतरी बसून वाक्ये लिहिली म्हणून तयार झाला, आणि तो होता म्हणूनच आरोप मोजून सिद्ध करता आला. मराठीतल्या जातीय टोमण्यांचे काय? 'तुमचे बरे आहे, तुम्हाला कोटा आहे' या वाक्यात एकही शिवी नाही. 'जावई' हा शब्द कुठल्या संदर्भात आपल्याला लावला जातो, हे यंत्राला कोण सांगणार? पुण्यातल्या एल३क्यूब या गटाने, ज्यात इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी काम करतात, 'महाहेट' हा मराठी ट्वीटचा संच २०२२ साली खुला केला. २५ हजार ट्वीट, प्रत्येकावर द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, अश्लील किंवा यातले काहीच नाही, असा शिक्का. काम मोठे आहे आणि आम्ही त्याचा आदर करतो. पण शिक्का मारणाऱ्याने जो टोमणा आयुष्यात ऐकलेलाच नाही तो त्याला निरुपद्रवी वाटण्याची शक्यता प्रत्येक अशा संचात असते. म्हणून असे संच वापरणाऱ्या धड्यात 'हे शिक्के कुणी मारले?' हा प्रश्न सरावात घालावा, अशी सूचना आपल्यातला कुणीही पाठवू शकतो.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या कार्यकर्त्यांपैकी कुणालाच माहीत नव्हती. बहुतेक खुल्या प्रकल्पांत वर्तनाची नियमावली असते. त्यासाठी 'काँट्रिब्यूटर कव्हनंट' नावाचा एक तयार मसुदा जगभर वापरतात. त्याच्या २.० आवृत्तीत वंश, धर्म, लिंग होते, जात नव्हती. २०२१ च्या २.१ आवृत्तीत ज्या कारणांवरून भेदभाव चालणार नाही त्या यादीत 'कास्ट' हा शब्द आला. अनेक प्रकल्पांनी जुनीच आवृत्ती लावून ठेवली आहे, मुद्दाम नव्हे, फक्त लक्ष गेले नाही म्हणून. एखादा प्रकल्प निवडा, त्याची ही फाइल उघडा, शेवटी आवृत्तीचा आकडा बघा. जुना असेल तर दोन सभ्य वाक्यांत नवी आवृत्ती घ्या असे सुचवा. जगातल्या एखाद्या प्रकल्पाच्या नियमावलीत जात हा शब्द आणणे हे पंधरा मिनिटांचे काम आहे, आणि त्यासाठी मोर्चाची परवानगी लागत नाही.

सुरुवात, आणि आमची चूक

शब्द घाबरवतात, म्हणून आधी ते. इश्यू म्हणजे चूक किंवा सूचना नोंदवणे. फोर्क म्हणजे प्रकल्पाची आपल्या नावावर प्रत काढणे. त्या प्रतीत बदल करून जतन केला की कमिट. 'माझा हा बदल मुळात घ्या' अशी विनंती म्हणजे पुल रिक्वेस्ट, आणि ती मान्य होऊन बदल मुळात मिसळला की मर्ज. मजकुरातली दुरुस्ती असेल तर लॅपटॉप लागत नाही, मोबाइलच्या ब्राउझरमधून सगळे होते. आमच्याकडे नऊ जणांत एक जुना लॅपटॉप आहे. कोडचा सराव गुगल कोलॅबवर फुकट चालतो, तोही ब्राउझरमध्येच. पायथॉन मराठीतून शिकायचे असेल तर आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ची मदत होते.

आमची पहिली पुल रिक्वेस्ट बंद झाली. तीन रविवार बसून मुलांनी एका प्रकल्पाच्या मराठी पानावर चाळीसेक दुरुस्त्या केल्या होत्या. उत्तर आले: ही फाइल यंत्र तयार करते, पुढच्या वेळी यंत्र चालले की तुमचे बदल पुसले जातील, त्यामुळे घेता येत नाही. मुले हिरमुसली. एक जण म्हणाला, आडनाव बघून नाकारले असेल. आम्ही त्याला खोडून काढले नाही, कारण असे वाटण्यामागे अनुभव आहे. पण सगळ्यांनी मिळून प्रकल्पाची 'काँट्रिब्यूटिंग' नावाची फाइल उघडली, तर तिथे हे आधीच लिहिलेले होते: भाषांतराच्या चुका इश्यूमध्ये नोंदवा. आम्हीच वाचले नव्हते. मग दुरुस्त्या इश्यू म्हणून पाठवल्या आणि त्यातल्या बऱ्याच मान्य झाल्या. प्रत्येक प्रकल्पाचे नियम वेगळे असतात. हात लावण्याआधी ती फाइल, लायसन्स आणि जुने बंद झालेले इश्यू वाचा. 'गुड फर्स्ट इश्यू' असे लेबल असेल तर ते काम नवख्यांसाठी राखलेले असते.

यूट्यूबवर बघून कुणाच्याही रीडमी फाइलमध्ये आपले नाव घालणारी पुल रिक्वेस्ट मात्र पाठवू नका. २०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी हजारो लोकांनी असाच कचरा पाठवला. शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला, आणि प्रकल्प स्वतःहून सामील झाला तरच योगदान मोजायचे असे ठरले. त्यात भारतातल्या विद्यार्थ्यांची बदनामी झाली ती अजून पुसलेली नाही. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली, स्वतः न वाचलेली दुरुस्ती पाठवणे हाही त्याच जातीचा प्रकार.

नाव आणि मोबदला

गिटमध्ये नाव आणि ई-मेल कायमचे नोंदले जाते, नंतर पुसणे जवळजवळ अशक्य. नोकरीच्या मुलाखतीत हीच नोंद उपयोगी पडते: अमुक प्रकल्पात माझे अमुक काम आहे, उघडून बघा. ओळखीपाळखी नसलेल्या मुलासाठी हे मोठे आहे. पण आपल्याकडे आडनाव म्हणजे नुसते आडनाव नसते. आमच्या गटात दोन मुलींनी फक्त पहिले नाव लावायचे ठरवले, एकाने पूर्ण नाव आणि प्रोफाइलवर निळा झेंडा लावला. दोन्ही बरोबर. काय लावायचे ते पहिल्या कमिटच्या आधी ठरवा, आणि ई-मेल खासगी ठेवण्याची सोय गिटहबच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा.

आता जो प्रश्न आम्हाला सभेत हमखास विचारला जातो. हे फुकट काम आपण का करायचे? मायक्रोसॉफ्टला पैशांची कमी आहे का? प्रश्न रास्त आहे. ज्या समाजाने वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबणे सोसले, ज्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, त्या समाजाच्या मुलांना 'सेवा करा' असे सांगताना आमचीही जीभ अडखळते. आमचे मत असे आहे: कंपनीच्या मॉडेलसाठी शिक्के मारण्याचे, आवाज देण्याचे काम फुकट करू नका, कंपनीने त्याचे पैसे द्यावेत. मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस' वेगळा, तिथला मराठी आवाजांचा साठा सर्वांसाठी खुला राहतो. शिकण्याच्या धड्यात केलेली दुरुस्ती आपल्याच पुढच्या मुलाला मिळते, म्हणून ती करावी, पण आठवड्याला तीन तासांपलीकडे नको, परीक्षेच्या महिन्यात अजिबात नको.

पैसे मिळणाऱ्या वाटाही आहेत. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालते, २०२२ पासून ते फक्त विद्यार्थ्यांपुरते राहिलेले नाही, अठरा वर्षांपुढचा नवखा कुणीही अर्ज करू शकतो. आउटरीची ही वर्षातून दोनदा होणारी घरबसल्या इंटर्नशिप आहे, ७,००० डॉलर मानधन. तिच्या अर्जात तुम्ही राहता तिथे तुमच्या समाजाला कोणता भेदभाव सोसावा लागतो यावर लिहायला सांगतात. आपल्याला तिथे कल्पनाशक्ती लढवावी लागत नाही. दोन्हींकडे निवडीआधी त्या प्रकल्पात प्रत्यक्ष केलेले काम पाहिले जाते, म्हणून वरची छोटी योगदाने आधी हवीत.

सध्या आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी दुपारी चार ते सहा हे काम चालते. सकाळी ठेवले होते, पण सकाळी पाण्याचा टँकर येतो आणि मुलींना घरून सोडत नाहीत. एआय इंजिनिअरिंगच्या शब्दांची मराठी सूची तयार होत आहे, आतापर्यंत शे-सव्वाशे शब्द झाले. नियम एकच: जो शब्द कॉलेजात बोलतात तो तसाच ठेवायचा, संस्कृतातून नवा घडवायचा नाही. त्यामुळे मॉडेल, टोकन, प्रॉम्प्ट तसेच राहिले. गणितातल्या बायसला 'बायस' आणि समाजातल्या बायसला 'पूर्वग्रह' असे ठरले. 'अटेन्शन'वर तीन आठवडे वाद चालू आहे, 'लक्ष' म्हणावे की 'अटेन्शन'च ठेवावे. पुढच्या रविवारी मतदान आहे.